सिग्नल हिलवर फक्त वीस मिनिटं?

महाराष्ट्रातून परदेशी सहली नेणाऱ्या संस्थांचे संचालक, त्या सहलींचे कार्यक्रम आखणारे त्यांचे सहकारी आणि गटाबरोबर प्रत्यक्ष फिरणारे सर्व टूर मॅनेजर यांना,



तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, ते आधी सांगते. ज्या घरांत काशीयात्रेपलीकडे कुणी गेलं नव्हतं, त्या घरांतली सत्तरीतली माणसं आज तुमच्यामुळे विषुववृत्त ओलांडतात. व्हिसाची कागदपत्रं, गोळ्यांच्या वेळा, उपासाचे दिवस, दुखरे गुडघे हे सगळं सांभाळत तीस-चाळीस अनोळखी माणसांना पंधरवडाभर एकत्र ठेवणं सोपं नाही. मध्यरात्री परक्या विमानतळावर कुणाची तरी हरवलेली बॅग शोधत धावणारा टूर मॅनेजर मी पाहिला आहे. हे पत्र म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे. सरकारी पर्यटन खात्याला लिहून काही होणार नाही. मराठी माणूस परदेशात काय पाहतो आणि काय न पाहता परत येतो, ते आज तुम्ही ठरवता.

विषय दक्षिण आफ्रिकेच्या सहलीचा, त्यातही केपटाऊनचा आणि त्यातही त्या शहराच्या डोक्यावरून जाणाऱ्या एका डोंगरी रस्त्याचा आहे. मी गेल्या डिसेंबरात तिथे गेले होते. ज्या संस्थेबरोबर गेले तिचं नाव लिहीत नाही. परत आल्यावर इतर संस्थांबरोबर जाऊन आलेल्यांशी बोलले, त्यांच्या कार्यक्रमपत्रिका मागून घेतल्या. बहुतेक सगळीकडे तीच एक ओळ होती: ‘सिग्नल हिलवरून सूर्यास्त व शहराचे विहंगम दृश्य’. तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

आमची बस साडेसहाच्या सुमारास वर पोचली. वीस मिनिटांत परत या, असं सांगण्यात आलं. सातच्या आत शिट्टी वाजली आणि आम्ही खाली निघालो, कारण साडेसातला भारतीय हॉटेलात जेवण लागणार होतं. डिसेंबरअखेर केपटाऊनमध्ये सूर्य आठच्या सुमारास मावळतो. आम्ही निघालो तेव्हा तो समुद्राच्या बराच वर होता. सूर्यास्त दाखवण्याचे पैसे घेऊन लोकांना सूर्यास्ताच्या तासभर आधी खाली आणणं ही साधी फसवणूक आहे, आणि ती तुम्हाला सहज टाळता येण्यासारखी आहे. मे महिन्यात तिथे हिवाळा लागत असतो, तेव्हा सूर्य सहाच्या सुमारासच जातो. दिवाळीत सात-साडेसातच्या दरम्यान. या वेळा कोणत्याही पंचांगाइतक्या निश्चित आहेत. त्या बघून जेवणाचं आरक्षण पुढेमागे करायला एक फोन पुरतो. ज्येष्ठांना उशिरा जेवण सोसत नाही, हे मला ठाऊक आहे, मी त्यांच्यातलीच आहे. त्या दिवशी पाचला चहाबरोबर पोटभर काही द्या. कुणी तक्रार करणार नाही.

पण वेळेपेक्षाही मोठी तक्रार त्या वेळात काय घडतं याची आहे.

हा रस्ता कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तो बसच्या खिडकीतून पाहिला जावा अशी माझी विनंती आहे. शहराच्या मध्यातून क्लूफ नेक रोड चढत जातो आणि एका खिंडीत येतो. डाव्या हाताला टेबल माउंटन, १०८५ मीटर उंचीचा, वरून सपाट कापल्यासारखा. उजव्या हाताला लायन्स हेड हे ६६९ मीटरचं सुळक्यासारखं शिखर. खिंडीतून डावीकडे टॅफेलबर्ग रोड केबल कारच्या स्थानकाकडे जातो, समोर उतार कॅम्प्स बेच्या समुद्राकडे जातो आणि उजवीकडे आपला सिग्नल हिलचा रस्ता. हा रस्ता लायन्स हेडच्या अंगावरून, मग सिंहाच्या पाठीसारख्या लांबट टेकडीवरून साडेतीनशे मीटर उंचीपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. साऱ्या रस्त्याभर शहर एका बाजूला खाली पसरलेलं असतं. मध्येच रस्त्यालगत घुमटाचं एक छोटं बांधकाम लागतं. ती एका सूफी संताची कबर आहे. अशा कबरींना तिथे क्रामत म्हणतात आणि शहराभोवती त्यांचं एक वर्तुळ आहे, अशी तिथल्या मुसलमानांची श्रद्धा आहे. आमच्या बसमध्ये त्या वळणावर अंताक्षरी चालली होती. ‘म’वरून गाणं हवं होतं.

अंताक्षरीला माझा विरोध नाही. लांबच्या हमरस्त्यावर, दुपारच्या जेवणानंतर ती जरूर व्हावी. पण त्या संध्याकाळी आमच्याबरोबर एक स्थानिक गाईड होते. साठीच्या पुढचे, अतिशय सभ्य गृहस्थ. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने नोंदणीकृत गाईडच पर्यटकांना माहिती देऊ शकतो, म्हणून तुम्हाला त्यांना घ्यावंच लागतं. त्या गृहस्थांनी टेबल माउंटनशेजारच्या डेव्हिल्स पीक या शिखराच्या पायथ्याशी दिसणाऱ्या एका मोकळ्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवून बोलायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं होतं की त्यांच्या आईचं घर तिथे होतं. एवढं एक वाक्य झालं आणि टूर मॅनेजरने हसत माइक परत घेतला, कारण मुली विरुद्ध मुलगे अशी फेरी बाकी होती. गाईड खाली बसले. मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. रोजची सवय होती. महिन्याला असे किती गट ते वर घेऊन जात असतील!

तो हिरवा पट्टा म्हणजे डिस्ट्रिक्ट सिक्स. १८६७ साली शहराचा सहावा भाग म्हणून त्याला हे नाव पडलं. मुक्त झालेले गुलाम, मलायी मुसलमान, ज्यू, आफ्रिकी, गोरे मजूर, भारतीय दुकानदार असे सगळे तिथे दाटीवाटीने राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ग्रुप एरियाज कायद्याखाली तो भाग गोऱ्यांचा म्हणून जाहीर केला. पुढच्या दीड दशकात साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवून केप फ्लॅट्स नावाच्या वाळवंटी सपाटीवर नेऊन टाकलं. बुलडोझरने घरं पाडली. मशिदी आणि चर्च मात्र उभी ठेवली. इतक्या माणसांना हाकलून काढलेल्या त्या जमिनीचा मोठा भाग वर्षानुवर्षं रिकामाच राहिला. सिग्नल हिलवरून शहराकडे तोंड करून उभं राहिलं की मध्यवस्तीच्या पलीकडे तो पट्टा दिसतो. दाखवणारा हवा, एवढंच. आणि आमच्याकडे दाखवणारा होता, त्याच्या आईचं घर तिथे होतं, आणि आपण त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

एरवी आवाज न चढवणारी मी, त्या प्रसंगाबद्दल मात्र तुम्हाला स्पष्ट सांगते: हे असभ्य होतं. घरी आलेला पाहुणा आपल्या आईविषयी बोलत असताना आपण त्याचं बोलणं तोडत नाही. इथे तर आपण त्याच्या गावात पाहुणे होतो.

तिथल्या बुइटेनकान्ट रस्त्यावर १९९४ पासून एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय आहे. जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरलेला आहे आणि पूर्वीच्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी हाताने नावं लिहिली आहेत. पाडलेल्या गल्ल्यांच्या नावांच्या पाट्याही तिथे टांगलेल्या आहेत. सिग्नल हिलपासून ते बसने फार लांब नाही. आमच्या कार्यक्रमात त्याऐवजी हिऱ्यांच्या दागिन्यांच्या शोरूमसाठी दीड तास होता. शोरूम काढून टाका, असं मी म्हणत नाही. तुमचं त्यात काही गणित असेल. त्यातला अर्धा तास या संग्रहालयाला द्या.

बो-काप या वस्तीबद्दल मात्र मला थोडं कडक बोलायचं आहे. ही सिग्नल हिलच्याच उतारावरची वस्ती. गुलाबी, पिवळी, हिरवी घरं; तुमच्या ब्रोशरच्या मुखपृष्ठावर ती असतातच. बसमधून आमची फौज उतरली आणि लोकांच्या घराच्या पायऱ्यांवर, दारांना टेकून, एका घराच्या उघड्या खिडकीसमोर फोटो काढू लागली. आत एक म्हातारी बाई भाजी निवडत बसली होती. तिने खिडकी लावून घेतली. त्या रंगीत घरांमागे कोण राहतं, हे कुणी सांगितलं असतं तर आमच्यातल्या कुणीही असं केलं नसतं, अशी माझी खात्री आहे. मराठी माणूस परक्याच्या उंबऱ्याचा मान ठेवतो, त्याला तो उंबरा आहे हे कळायला हवं.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली केपला ठाणं घातलं आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत सुमारे ६३,००० माणसं गुलाम म्हणून तिथे आणली गेली. त्यांतली सुमारे चौथाई भारतीय उपखंडातली होती. बंगाल, कोरोमंडल, मलबार या किनाऱ्यांवरून पळवलेली, विकलेली, कर्जापायी गेलेली. बाकीची मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि इंडोनेशियाच्या बेटांवरची. बो-कापमधल्या अनेक घराण्यांच्या पूर्वजांत ही माणसं आहेत. देशातली पहिली मशीद, अव्वल मशीद, याच वस्तीत १७९४ साली उभी राहिली. म्हणजे ज्या दाराला टेकून आपण फोटो काढतो, त्याच्या आत आपल्याच उपखंडातून साखळदंडांनी नेलेल्या एखाद्या बाईची पणती-खापरपणती असू शकते. हे लोकांना सांगा. मग त्यांना वेगळ्याने सूचना द्यावी लागणार नाही. तरीही एक नियम करा: घराच्या पायरीवर पाय नाही, खिडकीकडे कॅमेरा नाही, आणि गट दहा-दहाचे करून चालवायचे. तिथल्या रहिवाशांनी पर्यटकांच्या आणि बिल्डरांच्या आक्रमणाविरुद्ध अलीकडच्या वर्षांत रस्त्यावर उतरून लढा दिला आहे. आपण त्यांच्या बाजूचे पाहुणे असावं.

आता जी गोष्ट माझ्या सगळ्यांत जवळची आहे, तिच्याकडे येते. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. चिपळूणच्या एका शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून कोकणी मुसलमान पुरुष आगबोटीने आफ्रिकेच्या टोकाला, केपटाऊनला जाऊ लागले. नेटालमध्ये गेलेल्या गिरमिटियांसारखे ते कराराने बांधलेले मजूर नव्हते. स्वतःच्या तिकिटाने गेलेले होते. कुणी फळं-भाजी विकली, कुणी दुसऱ्याच्या दुकानात राबलं, कुणी पुढे स्वतःचं छोटं दुकान काढलं. केप वसाहतीने १९०२ च्या आणि मग १९०६ च्या कायद्याने नव्या येणाऱ्यांवर युरोपीय भाषेत लिहिता येण्याची अट घातली. जे आधीच तिथे होते त्यांना गावी जाऊन परत यायचं तर परवाना काढावा लागे, त्यावर फोटो आणि अंगठ्याचा ठसा. मुदतीत परत आलं नाही तर दार बंद. बायका-मुलं वर्षानुवर्षं इकडे कोकणात राहिली. मनीऑर्डरीवर चाललेली ती घरं आमच्या भागात सगळ्यांच्या माहितीतली आहेत. आज केपटाऊनच्या भारतीय मुसलमानांत या कोकणी घराण्यांचा मोठा वाटा आहे. वर्णभेदाच्या काळात त्यांनाही घरांतून उठवलं गेलं. भारतीयांसाठी म्हणून राखलेल्या रायलंड्ससारख्या भागात, डेव्हिल्स पीकच्या पलीकडच्या सपाटीवर त्यांना जावं लागलं.

मराठी गटाला सिग्नल हिलवर उभं करायचं आणि यातलं एक अक्षर बोलायचं नाही, हे मला समजत नाही. युरोपात गेल्यावर तुम्ही ‘या चौकात अमुक हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं’ हे न चुकता सांगता. लोक टाळ्या वाजवतात. मग आपल्या जिल्ह्यातली माणसं या डोंगराखाली चार पिढ्या राहिली, ही माहिती टाळ्या मिळण्याइतकी मोलाची का नाही?

आणि गोखले. गोपाळ कृष्ण गोखले, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाऊनच्या बंदरात उतरले. गांधीजी त्यांना घ्यायला आले होते. केपटाऊनला त्यांच्यासाठी मोठी सभा झाली आणि तिचं अध्यक्षस्थान डब्ल्यू. पी. श्राइनर या केप वसाहतीच्या माजी पंतप्रधानांनी घेतलं. त्या काळात एका गोऱ्या नेत्याने भारतीयाच्या सभेचा अध्यक्ष होणं ही साधी गोष्ट नव्हती. गोखल्यांची प्रकृती तेव्हाच ढासळलेली होती, मधुमेहाने ते बेजार होते. तरीही त्या देशात त्यांनी जवळजवळ महिनाभर प्रवास केला आणि प्रिटोरियात बोथा-स्मट्स यांच्या सरकारशी बोलणी केली. नेटालमधल्या करारमुक्त मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर हा त्यातला मुख्य विषय होता. तो कर रद्द व्हायला १९१४ साल उजाडावं लागलं, मधे मोठा सत्याग्रह करावा लागला. जोहान्सबर्गच्या भारतीयांपुढे बोलायचं होतं तेव्हा गांधीजींनी त्यांना मराठीत बोलायचा आग्रह केला, कारण श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते आणि काही महाराष्ट्रीय हिंदूही. गोखले मराठीत बोलले आणि गांधीजींनी ते हिंदुस्तानीत सांगितलं. गांधीजींनी हे दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात स्वतः नोंदवून ठेवलं आहे. पुढे १८ जुलै १९१४ रोजी गांधीजी त्या देशातून कायमचे निघाले, तेही याच केपटाऊनहून, आणि गोखल्यांना भेटायलाच लंडनच्या बोटीत बसले.

हे सगळं बंदर सिग्नल हिलवरून पायाखाली दिसतं. टूर मॅनेजरला हे सांगायला चार मिनिटं लागतील. मी मोजून सांगते असं नाही, वर्गात शिकवलेलं आहे म्हणून सांगते.

समोर टेबल बेमध्ये रॉबेन आयलंड दिसतं, ते तरी आमच्या टूर मॅनेजरने दाखवलं, त्यांचे आभार. मंडेलांना तिथे अठरा वर्षं, १९६४ ते १९८२, कोंडलं होतं, हेही सांगितलं. फक्त त्या वेळी अर्धा गट पिवळ्या चौकटीपुढे रांगेत होता. टेबल माउंटन मागे यावा म्हणून तिथे एक मोठी पिवळी चौकट उभारलेली आहे. प्रत्येक जोडप्याचा फोटो, मग महिलांचा, मग पूर्ण गटाचा, मग संस्थेच्या फलकासह. वीस मिनिटांतली पंधरा त्या रांगेत जातात. गटाचा एकच फोटो काढा, बाकीचे ज्याचे त्याने. फलक बसमध्येच राहू द्या.

टेकडीवर दुपारी बारा वाजता तोफ उडते, रविवार आणि सुट्टीचे दिवस वगळून. लायन बॅटरी नावाच्या जागेवरून १९०२ पासून उडते आहे. जुन्या काळी बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळं या तोफेवर लावता येत. १९१८ च्या मे महिन्यात, पहिलं महायुद्ध चालू असताना, केपटाऊनच्या महापौरांनी एक प्रथा सुरू केली. ही तोफ उडाली की साऱ्या शहराने जागच्या जागी थांबायचं, ट्राम थांबायच्या, लोक टोप्या काढायचे, आणि रणांगणावरच्यांसाठी स्तब्ध उभं राहायचं. पुढच्या वर्षी ब्रिटनने ती रीत साम्राज्यभर नेली. आपण दर ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता उभे राहून जी दोन मिनिटं पाळतो, शोकसभेत जी पाळतो, त्या रीतीचं एक मूळ या टेकडीवरच्या तोफेशी आहे. हे ऐकल्यावर आमच्या गटातले निवृत्त सैनिक किती वेळ तिथे उभे राहिले असते! हे मला तिथे कुणी सांगितलं नाही, परत आल्यावर वाचलं.

वाऱ्याबद्दल. उन्हाळ्यात तिथे आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो. दमट हवा डोंगराच्या मागच्या अंगाने चढते, माथ्यावर थंड होऊन तिचे ढग होतात आणि ते समोरच्या कड्यावरून पांढऱ्या चादरीसारखे खाली ओघळतात, खाली येता येता विरून जातात. बघतच राहावं असं ते दृश्य असतं. पण त्याच वाऱ्यात १९२९ पासून चालणारी केबल कार बंद ठेवतात. शिवाय दर हिवाळ्यात काही दिवस ती देखभालीसाठी बंद असते. तुमच्या ब्रोशरमध्ये याचा उल्लेख तळाशी बारीक अक्षरांत असतो आणि मग वर जाता आलं नाही की बसमध्ये भांडणं होतात, टूर मॅनेजर बोलणी खातो. केबल कार चालू नसेल त्या दिवशी सिग्नल हिलला भरपूर वेळ द्यायचा, हे आधीच ठरवून ठेवा. तो दुय्यम पर्याय म्हणून देऊ नका. वरून जे दिसत नाही ते इथून दिसतं: स्वतः टेबल माउंटन, पूर्ण.

वर जाताना शाल किंवा स्वेटर घ्या, हे सकाळी सांगायला हवं. आमच्यातल्या कितीतरी बायका सुती साडीत गारठल्या आणि पाच मिनिटांत बसमध्ये जाऊन बसल्या.

कचऱ्याचं फार लिहीत नाही. चकलीची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या झुडपांत पडलेल्या मी पाहिल्या. त्यांतली काही आपली होती. ते सगळं राष्ट्रीय उद्यान आहे. केपची वनस्पतिसृष्टी जागतिक वारसा म्हणून २००४ मध्ये नोंदली गेली, आणि ती झुडपं उन्हाळ्यात वाळून इतकी पेट घेतात की एका ठिणगीने डोंगर जातो. २०२१ च्या एप्रिलमध्ये अशाच वणव्यात केपटाऊन विद्यापीठाचं जॅगर वाचनालय जळालं आणि आफ्रिकेच्या इतिहासाची दुर्मीळ पुस्तकं, हस्तलिखितं गेली. सिगारेट ओढणाऱ्यांना वर जाण्याआधी बजावा. सूर्यास्तासाठी बाटल्या घेऊन बसणाऱ्यांना अडवा, तिथे उघड्यावर दारू प्यायला बंदी आहे. केप पॉइंटच्या वाटेवर बबूनना खाऊ घालणंही थांबवा. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं बबून शेवटी मारलं जातं.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मला तोंडावर मिळालं आहे: लोकांना हेच हवं असतं. इतिहास सांगायला गेलं की लोक झोपतात, अंताक्षरीला जागे होतात. यावर माझं म्हणणं ऐकून घ्या. आमच्या गटात एक निवृत्त एसटी वाहक होते, एक दुधाचा धंदा करणारं जोडपं होतं, एका बँकेतल्या शिपाई बाई होत्या, ज्यांच्या मुलीने पहिल्या पगारातून त्यांना पाठवलं होतं. रात्री हॉटेलच्या लॉबीत मी गोखल्यांची गोष्ट सहज सांगितली, तर ही सगळी माणसं तास-दीड तास बसून राहिली. वाहकांनी विचारलं, मग ते कोकणी लोक आज कुठे राहतात, त्यांना भेटता येईल का? दूधवाल्या बाईंनी विचारलं, ज्यांना उठवलं त्यांना जमीन परत मिळाली का? हे दोन्ही प्रश्न आपल्या गाईडना दिवसभर विचारता आले असते. लोक झोपतात कारण त्यांना सनावळ्यांची यादी ऐकवली जाते. गोष्ट सांगितली तर ते ऐकतात. आपली माणसं कीर्तनं ऐकत वाढलेली आहेत, त्यांना ऐकता येतं.

दुसरं उत्तर वेळेचं: सहा दिवसांत जोहान्सबर्ग, सन सिटी, क्रूगर, केपटाऊन, शिवाय शहामृगांचं शेत. मग एक ठिकाण कमी करा. दोन संस्थांनी तरी ही हिंमत दाखवली तर बाकीच्यांना तुमच्या मागे यावं लागेल. आज स्पर्धा ‘किती ठिकाणं’ यावर चालते, म्हणून सगळे एकमेकांच्या पत्रिकेत आणखी एक ओळ वाढवत जातात आणि प्रत्येक ओळीला वीस मिनिटं उरतात.

माझ्या विनंत्या एवढ्याच. केपटाऊनची एक पूर्ण दुपार या डोंगरासाठी राखा: आधी डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय, मग बो-काप पायी आणि शिस्तीत, मग सिग्नल हिल, सूर्य पूर्ण मावळेपर्यंत. वर चढताना माइक स्थानिक गाईडच्या हातात द्या आणि टूर मॅनेजरने त्यांचं बोलणं वाक्यावाक्याला मराठीत सांगावं. इंग्रजी न येणाऱ्याने तेवढेच पैसे भरलेले असतात. गाईडना बक्षिशी देताना गटाकडून वर्गणी गोळा करण्यावर थांबू नका, तुमच्या संस्थेकडून त्यांना योग्य मोबदला मिळतो ना, तेही बघा. प्रवाशांना आधी जी पुस्तिका देता, ज्यात प्लगचा आकार आणि चलनाचा दर असतो, त्यात दोन पानं गोखल्यांना आणि कोकणातून गेलेल्या माणसांना द्या. ती पानं लिहून हवी असतील तर मी लिहून देईन, मोबदला नको. आणि शक्य झालं तर केपटाऊनमधल्या एखाद्या कोकणी कुटुंबाशी, त्यांच्या संमतीने आणि सवडीने, गटाची एक भेट ठरवा. चहापुरती का होईना.

पुढच्या दिवाळीच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिका तुम्ही येत्या काही महिन्यांत छापाल. सिग्नल हिलसमोर त्यात किती वेळ लिहिलेला असेल आणि जेवण किती वाजता असेल, हे मी प्रत्येक संस्थेच्या पत्रिकेत पाहणार आहे. जिथे बदल दिसेल त्या संस्थेचं नाव माझ्या ओळखीच्या प्रत्येक प्रवाशाला आनंदाने सांगेन. हे पत्र वाचून तुमच्यापैकी कुणाला माझं म्हणणं चुकीचं वाटलं, तर तेही कारणासह कळवावं. पत्राला पत्राने उत्तर देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि तुमची नेहमीची प्रवासी
चिपळूण, जि. रत्नागिरी